तिवरावरच्या खाचा

मु. काळेखार, ता. पेण
२२ जुलै १९८६

प्रिय नूरमहंमद यास महिपतीचा नमस्कार.

तुझी तब्येत कशी आहे? कंबर धरते का अजून, का तिकडच्या कोरड्या हवेत सुटली? तुझ्या मुरादच्या पोटाला कुवेतचं पाणी लागत नव्हतं, ते आता ठीक झालं असेल. तुझ्या घरी, अष्टमी गावात, अजीजाभाभींचा गुडघा काय म्हणतो? जिना चढू नका म्हणावं त्यांना. धाकट्या नातीचे कान वाहत होते, ते थांबले का? इकडे आमची हौसा बरी आहे. रात्री खोकते आणि दिवसा माझ्यावर खेकसते, म्हणजे बरीच आहे. लेक सरू पेणला सुखात आहे. तुझ्या सकीनामामी काठी टेकत का होईना, रोज खाडीपर्यंत जाऊन येतात. डोळ्यांना कमी दिसतं, तोंड मात्र शाबूत.

तुझ्या घरचं मला एवढं कसं ठाऊक, म्हणशील. मामीला तू धाडतोस ती पत्रं सहा वर्षं मीच वाचून दाखवतो. आमच्या वाडीत त्यांना दुसरं कोण वाचून दाखवणार? तू सगळ्यांची खुशाली विचारतोस. हौसाच्या म्हशीची विचारलीस, मामीच्या दारच्या रायवळ आंब्याची तर दर पत्रात विचारतोस. माझं नाव कुठे नसतं. मी तक्रार करत नाही, नुसतं लिहितो.

तू माझ्याशी बोलत नाहीस हे मला कळतं, आणि का ते आपल्या दोघांनाच ठाऊक आहे. ते तिवराचं खोड आमच्या माणसांनी न कळत तोडलं होतं, हे मी तेव्हाही सांगितलं. जाऊ दे. काम निघालं नसतं तर हे पत्र लिहिलं नसतं.

मामीच्या घरामागचं बांधाचं वळण तुला आठवतं. बांधाच्या पलीकडे खाडी, अलीकडे मामीचं अंगण, मध्ये शंभर पावलं नाहीत. परवाच्या पौर्णिमेचं उधाण ओसरल्यावर मी तिथून चाललो होतो, तर आतल्या अंगाने बांध ओला. पावसाचा ओला नव्हे. बोट लावून चाखलं. खारट.

मामीला मी काही बोललो नाही. तू त्यांना एक पत्र लिही. महिनाभर अष्टमीला अजीजाभाभींकडे जाऊन राहा म्हणावं, किंवा पेणला आमच्या सरूकडे. माझं त्या ऐकणार नाहीत. तुझं ऐकतील.

तुझा,
महिपती

२१ ऑगस्ट १९८६

प्रिय नूर,

खुशाली पुन्हा सगळ्यांची विचारली असं समज. पत्र पोचलं की नाही कळत नाही. टपालवाल्या जनूला रोज विचारतो. तो म्हणतो, "काका, कुवेत काय वडखळच्या पुढच्या नाक्यावर हाय व्हय?"

नारळी पौर्णिमेचं पाणी झालं. वळणावर बांधाच्या माथ्याला हातभर कमी होतं. गेल्या साली दोन हात होतं असं मी म्हणतो, केरू म्हणतो दीड. केरूला तू ओळखतोस, माझ्या चुलतभावाचा. आता बांध राखणाऱ्या जोळाचा पुढारी तोच आहे. जोळ कसला म्हणा. तुझ्या वेळी दर उधाणानंतर घरटी एक माणूस फावडं घेऊन बांधावर यायचा, चिखलाचे गड्डे हातोहात जायचे, कोण आलं नाही ते सगळ्या गावाला दिसायचं. आता तरणी माणसं कंपनीत. कोणाची पहिली शिफ्ट, कोणाची रात्रपाळी.

मी केरूला म्हटलं, "अरे, वळन पाझरतंय. मानसं काढ."

"काका, शिफ्ट सोडून चिखल कोन घालील? अर्ज केलाय सरकारात. मोठा बांध होनार हाय, दगडी."

"आनि तवर?"

"तवर तुमी भजन म्हना. बांध तुमच्या आज्ज्याच्या आधीपासून उभा हाय, तो तुमच्या बोटाला खारट लागला म्हनून पडनार हाय काय?"

चार जण हसले. मीही हसलो. काय करणार?

पण नूर, खेकडे वर चढायला लागलेत. भर दुपारी बांधाच्या माथ्यावरून अलीकडे उतरतात आणि परत जात नाहीत. मामीच्या न्हाणीत सात सापडले. त्यांनी कालवण केलं आणि मला वाडगाभर पाठवलं, वर निरोप, "खाडी घरात यून देऊन जाते आता, जाळं कशाला?" मी ते कालवण खाल्लं. खाऊन पुन्हा बांधावर जाऊन आलो.

मग आपलं जुनं आठवत बसलो. स्वराज्य मिळून तीनेक वर्षं झाली होती. मी बावीस, तू वीस. तू आजोळी आला होतास, आणि आपण मिठागराच्या मुकादमाची होडी न विचारता सोडली होती, खाडीचं तोंड कसं असतं ते बघायला. धरमतरच्या पुढे कधी गेलो नव्हतो. वारा फिरला, होडी उलटली. तुला पोहता येत होतं, मला नुसतं पाण्याला शिव्या देता येत होत्या. पाण्याने आपल्याला मागे लोटत लोटत आणलं ते थेट ह्याच वळणापुढच्या तिवरांत. त्यातल्या एका तिवरावर आपण चढून बसलो. सबंध उधाण. दुपारपासून दिवे लागायच्या वेळेपर्यंत.

तेव्हा जे पाहिलं ते मी अजून कोणाला नीट सांगू शकलेलो नाही. झाडांच्या बाहेर लाटा भिंतीसारख्या उठत होत्या. त्याच लाटा झाडांत शिरल्या की त्यांची हवा जायची, आणि बांधापाशी पोचेतो पाणी परातीतल्यासारखं नुसतं हलायचं. आपल्या पायाखाली बोयटी मासे मुळांमधून फिरत होते. एक कोल्हा शेजारच्या खोडावर भिजून बसला होता. तो आपल्याकडे बघत होता, आपण त्याच्याकडे. कोणी कोणाला काही केलं नाही.

पाणी सर्वांत वर चढलं तेव्हा तू कमरेचा कोयता काढून तिथे खाच मारलीस. म्हणालास, "महिपत, ह्या झाडाला आता कोणी हात लावायचा नाय." मी म्हटलं नाय लावायचा. पुढे ज्या ज्या वर्षी पाणी आधीच्या खाचेच्या वर गेलं, त्या त्या वर्षी आपण नवी खाच मारली. तीस वर्षांत सात.

त्या दिवसानंतर मी घरात टिकेनासा झालो. तू मला कुंडलिकेत उतरवलंस. केळीच्या खांबांचा ताफा करून कोलाडपासून अष्टमीच्या पुलापर्यंत आलो, तुझ्या अब्बांनी दोघांनाही झोडपलं. पोहायला शिकवलंस. बांधाच्या ओल्या चिखलावर काडीने अक्षरं गिरवून घेतलीस. हे पत्र त्याच चिखलातून आलंय. ज्या पाण्यात जीव मुठीत धरून राहिलो ते पाणी आणि ती झाडं नात्यातली वाटायला लागली. कोणी एक फांदी तोडली तरी मी भांडायला उठायचो. लोक मला तिवरांचा मामलेदार म्हणायचे.

आणि मग त्याच मामलेदाराच्या राज्यात ती तुटली.

एक विचारतो. त्या खोडाचं तू काय केलंस? ठेवलंयस का कुठे? मला त्या खाचा बघायला हव्यात. केरूला माझं तोंड खोटं वाटतं, लाकूड खोटं वाटणार नाही.

मामीला पत्र लिही. अजून लिहिलं नसशील तर.

महिपती

२० सप्टेंबर १९८६

प्रिय नूर,

तुझं पत्र नाही. मी आशा सोडून अष्टमीला गेलो.

गणपतीची गर्दी ओसरल्यावर पेणहून एस.टी. धरली. रोह्याला उतरलो, पूल चालत ओलांडला. अर्ध्यावर थांबून खाली बघितलं, आपला ताफा जिथे लागला होता ती पायरी शोधली. गाळ भरलाय.

अजीजाभाभींनी दार उघडलं, मला ओळखलं, आणि दार धरून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "दूध हाय, चहा टाकते." चहा झाल्यावर माळ्याकडे बोट केलं. "तुमचं लाकूड वर हाय. जाताना सांगून गेलेत, जळणात घालायचं नाय. सहा वर्षं घालत नाय. विंचवानं घर केलंय त्यात. काढायचं तर तुमीच काढा, मी नाय चढत." विंचू निघाला, तोही म्हातारा होता, चावला नाही.

गोणपाटात गुंडाळून खोड घेऊन आलो. एस.टी.त कंडक्टर म्हणाला, "आजोबा, मयताचं लाकूड गाडीत नाय चालत." मी म्हटलं, "मयताचं नाही रे बाबा, साक्षीदार आहे." त्याने अर्धं तिकीट फाडलं.

वळणापुढे तोडलेल्या तिवराचा बुंधा अजून चिखलात उभा आहे. मी खोड त्यावर ठेवलं. कुऱ्हाडीचे घाव एकमेकांत असे बसले की सांधा दिसेना. काथ्याने बांधलं, दोन बाजूंनी मेखा मारल्या. सहा वर्षांनी खाचा आपापल्या उंचीवर आल्या. सातवी वरच्या जळक्या कडेला लागून आहे, पण आहे.

परवा पौर्णिमा होती. दुपारी मी बांधावर जाऊन बसलो. मामीही काठी घेऊन आल्या. केरूची दुसरी शिफ्ट होती, तोही जाता जाता थांबला. पाणी पहिल्या खाचेवर आलं, दुसऱ्या, तिसऱ्या. पाचवीला केरूने विडी टाकली. सातवी बुडाली. मग जळकी कड बुडाली, आणि खोड दिसेनासं झालं. त्याच्या वर आणखी दोन मुठी पाणी असेल. बांधाला एक वीत उरली होती. वारा नव्हता, नूर. पाऊस नव्हता. नुसतं पाणी आलं आणि गेलं.

केरू डबा उचलून शिफ्टला गेला.

मामी म्हणाल्या, "महिपत, हा तुज्या सरूच्या लग्नातला ओंडका नाय काय?"

मी हो म्हटलं. आता तुझ्यापुढेही म्हणतो. पहिल्या पत्रात मी लिहिलं की ते माणसांनी न कळत तोडलं. खोटं आहे ते. तेव्हा जोळाचा पुढारी मी होतो. वळणाच्या बांधात कोल्ह्याचं बीळ निघालं. लोक म्हणाले, तिवरांत कोल्हे राहतात, ते बांध पोखरतात, तिवरं काढा म्हणजे बांध वाचेल. मी तीस वर्षं त्या लोकांशी भांडलेला माणूस. पण लग्न तोंडावर आलं होतं, पाचशे पान उठायचं होतं, आणि तिवर ओलंसुद्धा जळतं. मी म्हटलं, काढा. बांधाच्या भल्यासाठी म्हटलं. सगळ्यांना ते पटलं, मलाही पटलं. तीस वाव किनारा उघडा झाला. खाचांचं झाड मी शेवटपर्यंत ठेवलं होतं. लग्नाच्या सकाळी आचारी म्हणाला, भाताला जळण कमी पडतंय. मीच बोट दाखवलं.

तू जेवलास. वरणाला नाव ठेवलंस, हसलास, दुसऱ्यांदा भात मागितलास. हात धुवायला मागे गेलास आणि चुलीत बघितलंस. घंगाळातलं पाणी त्यावर ओतलंस, धुमसतं खोड खांद्यावर टाकलंस आणि मांडवातून सगळ्यांसमोर चालत गेलास. एक शब्द बोलला नाहीस. एखादी शिवी दिली असतीस तर मी तिच्यावर सहा वर्षं काढली असती.

आता त्याच तीस वावांतून पाणी येतं. दुसरीकडे कुठेही बांध पाझरत नाही. जिथे झाडं आहेत तिथे सुका आहे, जिथे मी काढली तिथे ओला. एवढं सरळ आहे सगळं. कोल्ह्याने बीळ केलं होतं एक. मी सगळं दारच उघडलं.

जुलैपासून मी तिथे तिवराच्या बिया लावतोय. भरतीबरोबर वाहून येतात त्या वेचायच्या आणि ओहोटीला चिखलात टोचायच्या. मामी बांधावर बसून शिकवतात, "आडवी नको रे, उभी. पोराला झोपवतंस काय?" दोनशे लावल्या. परवाच्या पाण्यानंतर मोजल्या, एकशे दहा उभ्या आहेत. दोन-दोन पानं आलीत. बांधाला टेकू द्यायला त्यांना दहा वर्षं लागतील. आपल्याकडे तेरा दिवस आहेत. तीन ऑक्टोबरला सर्वपित्री अमावास्या. तेव्हाचं पाणी ह्याहून मोठं.

मामीला मी सगळं सांगितलं. त्या म्हणतात, "परसात तुज्या दोस्ताचे मामू निजलेत. ह्या घरातून मी निघेन ती त्यांच्या बाजूला निजायला." मी म्हटलं, घर बुडेल. म्हणाल्या, "नूरनं लिवलं तर बगू."

तेव्हा तू लिही. माझ्यावरचा राग तसाच ठेव, तो तुझा आहे. चार ओळी मामीला लिही.

महिपती

३ ऑक्टोबर १९८६, सकाळ

प्रिय नूर,

मामीच्या ओटीवर बसून लिहितोय. घर रिकामं आहे. पाणी एकच्या सुमारास येईल, आता नऊ वाजलेत. पश्चिमेचा वारा आहे. पहाटेपासून कोल्हे ओरडतायत, आणि आवाज बांधाच्या अलीकडून येतोय, भातातून. उजेडात कोल्हे ओरडताना मी ह्याआधी ऐकलेले नाहीत. मामीच्या विहिरीचं पाणी काल मचूळ लागलं. बांधाच्या पायथ्याशी चिखलात बुडबुडे येतात, भात शिजायला लागताना येतात तसे.

केरू आलाय. शिफ्ट टाकून, चार माणसं घेऊन. माझ्याकडे न बघता म्हणाला, "काका, गड्डे कुठनं काढायचे ते दाखवा." सगळे मिळून सहा फावडी. पूर्वी साठ असायची. त्यांचा आवाज येतोय मला. एवढं लिहून मी जातो.

आता जे केलं ते सांगतो. तू रागावणार, आधीच कबूल.

काल जनू आला. तुझं पत्र नव्हतं. सरूचं होतं, दिवाळीला काय हवं ते विचारलेलं. ते मी खिशात घातलं आणि मामीकडे गेलो. म्हटलं, "नूरचं पत्र आलंय." चटईवर बसलो, सरूचं पत्र उघडलं आणि तुझं वाचलं. तुझ्यासारखं. आधी सगळ्यांची खुशाली. मग म्हटलं, मामी, तुम्ही लगोलग पेणला सरूकडे जा, मामूंची काळजी नको, मी येतो तेव्हा कबरीचा कठडा बांधून घेतो, पण तुम्ही जा, तुम्हाला माझी शपथ आहे. शेवटी नेहमीसारखं म्हटलं, महिपतला सलाम.

हे नेहमीसारखं म्हणजे काय, तेही सांगून टाकतो. तू गेल्यावर तुझं पहिलं पत्र आलं, ते वाचून संपलं, तेव्हा मामीने विचारलं, "आणि तुला काय लिवलंय?" मला नाही म्हणवेना. म्हटलं, सलाम लिहिलाय. त्यानंतर सहा वर्षं तुझ्या प्रत्येक पत्राच्या शेवटी मी तो सलाम वाचत आलो. न लिहिलेला.

मामी म्हणाल्या, "आंब्याचं नाय विचारलंन?"

मी विसरलो होतो. मी कागद उलटसुलट केला. म्हटलं, घाईत लिहिलं असेल.

"नूर आंब्याचं इसरत नाय," मामी म्हणाल्या. "आणि सलामाचं तुला सांगू, महिपत? बाकीचं तू घडाघडा वाचतंस. तेवढं वाचताना तुजा आवाज लहान होतो. सहा वर्षं होतो."

मी कागदाची घडी घातली. त्या उठल्या, ट्रंक ओढली, दोन लुगडी आणि जपाची तसबी काढून पिशवीत घातली, कोंबडी टोपलीत झाकून घेतली. परसात जाऊन थोडा वेळ उभ्या राहिल्या. परत आल्या आणि म्हणाल्या, "चल. नूरनं लिवलंय ना, मग जायला पायजे."

दुपारच्या एस.टी.ने त्यांना सरूकडे पोचवून आलो. बसमध्ये चढताना म्हणाल्या, "त्याचं दुसरं पत्र आलं की घेऊन ये. सरूकडनं वाचून घेईन मी ते. तुज्याकडनं नाय."

म्हणून लिहितोय. बांध राहील की जाईल मला माहीत नाही. खोड बुंध्यावर बांधलेलं आहे. ते राहिलं तर आठवी खाच मी मारीन, आणि जागा उरली नाही तर मामीच्या दाराच्या चौकटीवर मारीन. रोपांचं काही सांगता येत नाही. काल ओहोटीला मोजली, एकशे चार होती. एकाच्या पानावर इवलं शिंपलं चिकटलं होतं.

जनू दारात उभा आहे, सायकलची घंटी वाजवतोय, त्याला पाण्याच्या आत हमरस्त्याला लागायचंय. तेव्हा आवरतो. नूर, हे मिळाल्या दिवशी उत्तर लिही, पेणच्या पत्त्यावर, सरूकडे. मी जे तुझ्या नावाने वाचलं तेवढं सगळं त्यात लिही, म्हणजे ते खोटं राहणार नाही. कबरीच्या कठड्याचंही लिही. आंब्याचं नक्की विचार. आणि शेवटची ओळ सरू वाचेल तेव्हा मी तिथे असेन नसेन, पण मामी कान देऊन ऐकतील. ती तुला वाटलं तरच लिही. पण लवकर लिही.

तुझा,
महिपत